काउंटरबाईंना चष्मा नाही

(दुपारची सुट्टी. दवाखान्यातली डोळे तपासायची अंधारी खोली. काउंटरबाई उंच खुर्चीत बसल्या आहेत. त्यांच्या नाकावर तपासणीची जड, गोल फ्रेम. शेजारी काचांची पेटी उघडून उभी असलेली विद्यार्थिनी.)

विद्यार्थिनी : आता सांगा, पहिली काच बरी की दुसरी?

काउंटरबाई : तुला कुठली हवी?

विद्यार्थिनी : मला कशाला हवी, मॅडम? तुम्हाला कुठल्या काचेतून नीट दिसतं ते सांगा.

काउंटरबाई : अगं भावी, लाजतेस कशाला? तुझ्या आधीच्या मुलाला पहिली हवी होती, त्याला पहिली दिली. त्याच्या आधीची अगदीच घाबरट होती. तिच्या चेहऱ्याचा अंदाज घेत घेत उत्तरं दिली. दोघांचीही डॉक्टर सरांनी शिफारस केली, आज कॉलेजात ऑप्टोमेट्रीचं, डोळे तपासायचंच शिक्षण घेताहेत. माझ्या डोळ्यांवर हात साफ केल्याशिवाय इथून कुणी पुढे गेलेलं नाही.

विद्यार्थिनी : ते ‘भावी’ नका ना म्हणू.

काउंटरबाई : सगळ्यांनाच म्हणते. इथे असेपर्यंत भावी, प्रवेश मिळाला की माजी. माजी झाले की रस्त्यात ओळखसुद्धा दाखवत नाहीत. कशाला नावं पाठ करत बसू?

विद्यार्थिनी : मी दाखवीन ओळख.

काउंटरबाई : तेही सगळे म्हणतात. चल, आटप, मला फोन घ्यायचेत. शेवटची ओळ ना? ग, ल, र, थ, प, ख.

विद्यार्थिनी : एक मिनिट. परत वाचा.

काउंटरबाई : ग, ल, र, थ, प, ख. कशी घडाघडा वाचली बघ. लिही शून्य नंबर.

विद्यार्थिनी : मॅडम, समोर आकडे आहेत.

काउंटरबाई : कुठे?

विद्यार्थिनी : तक्त्यावर. अक्षरांचा काढून मी मघाशीच आकड्यांचा लावला.

काउंटरबाई : कुणाला विचारून?

विद्यार्थिनी : विचारायचं काय त्यात? मधल्या ओळीतला पहिला आकडा सांगा बरं.

काउंटरबाई : आठ.

विद्यार्थिनी : तीन आहे.

काउंटरबाई : मग अर्धा आठच की तो!

विद्यार्थिनी : म्हणजे तुम्हाला दिसत नाही. तक्ता पाठ आहे तुम्हाला.

काउंटरबाई : हळू बोल. दार नुसतं लोटलंय.

विद्यार्थिनी : पण सर तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला सांगतात...

काउंटरबाई : काय सांगतात? म्हण की, थांबलीस का?

विद्यार्थिनी : ‘आमच्या काउंटरबाईंकडे बघा. पन्नाशी उलटली, दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतात, तरी चष्मा नाही. मी सांगितलेले डोळ्यांचे व्यायाम नेमाने करतात.’

काउंटरबाई : हं. आणि मग बाकावरची सगळी माणसं वळून माझ्याकडे बघतात. बायका तर उठून जवळ येतात, खरंच का हो, म्हणून. मला आवडतं ते. खोटं कशाला बोलू? घरी मुलगा आणि सून ‘आई, तुला कळत नाही’ यापलीकडे काही बोलत नाहीत. इथे निदान चार लोकांना दाखवण्यासारखी तरी आहे मी.

विद्यार्थिनी : आणि व्यायाम? करता?

काउंटरबाई : कधी करू? फोन उचलायला दोन हात पुरत नाहीत, त्यात डोळे कुठे गरगरा फिरवत बसू?

विद्यार्थिनी : सरांनी स्वतः कधीच तपासलं नाही तुम्हाला?

काउंटरबाई : ते कशाला तपासतील? दर वर्षी तुमच्यातलं कुणीतरी तपासतं, शून्य काढतं, सर शाब्बास म्हणतात. सगळे खूश.

विद्यार्थिनी : डोळ्यांच्या दवाखान्यात इतका कानाडोळा!

काउंटरबाई : भाषा बरी आहे हो तुझी. इथे नाही जमलं तर वर्तमानपत्रात जा.

विद्यार्थिनी : थांबा, मॅडम. म्हणजे कालचे ते आजोबा...

काउंटरबाई : कुठले आजोबा?

विद्यार्थिनी : फ्रेमचा स्क्रू घट्ट करायला आलेले. तुम्ही चिठ्ठी वाचलीत आणि म्हणालात, यांच्या डोळ्यांत थेंब घाल. मी घातले. चिठ्ठी दुसऱ्याच कुणाची होती. बिचाऱ्यांना संध्याकाळपर्यंत धड दिसत नव्हतं, न्यायला मुलाला बोलवावं लागलं.

काउंटरबाई : आजोबांची काही तक्रार नव्हती. त्या निमित्ताने मुलगा भेटला म्हणून खूश होते उलट.

विद्यार्थिनी : माझी होती ना तक्रार! सर सगळ्यांसमोर म्हणाले, जिला सांगितलेलं नीट ऐकू येत नाही ती लोकांचे डोळे काय तपासणार. तुम्ही तिथेच उभ्या होता.

काउंटरबाई : मला वाटलं, तूच चुकीचं ऐकलंस.

विद्यार्थिनी : आज सर समोर उभे राहून बघणार आहेत. तुमचा नंबर बरोबर काढला तरच शिफारस. नाही मिळाली तर प्रवेश गेला, आणि प्रवेश गेला तर काकांच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरूनच गेलंय.

काउंटरबाई : मग इतका विचार कसला करतेस? अक्षरांचा तक्ता लाव. मी वाचते, तू शून्य सांग. तुझंही भलं, माझंही.

विद्यार्थिनी : आणि उद्या परत कुणाच्या तरी डोळ्यांत थेंब?

काउंटरबाई : उद्यापासून चिठ्ठ्या तू वाच. मी तुझ्यावर ओरडत जाईन, म्हणजे कुणाला शंका येणार नाही.

विद्यार्थिनी : ओरडता तशाही. ठीक आहे. शून्य तर शून्य.

काउंटरबाई : शहाणी ती!

विद्यार्थिनी : पण सर यायच्या आत एकदा मला खरा नंबर काढू द्या. कुणाला सांगणार नाही. निदान एकदा तरी खरोखर डोळे तपासल्याचं समाधान मिळू दे मला.

काउंटरबाई : काढ बाई, काढ. होऊन जाऊ दे तुझी हौस.

विद्यार्थिनी : ही कशी?

काउंटरबाई : धूरच धूर.

विद्यार्थिनी : आणि ही?

काउंटरबाई : धूर कमी झाला... थांब. थांब, ही राहू दे. अगंबाई! त्या भिंतीला इतके पोपडे आलेत होय? आणि पंख्यावर ही धूळ! कुणाचं काम आहे ते? इकडे बघ जरा.

विद्यार्थिनी : माझ्याकडे नको, मॅडम. तक्त्याकडे बघा.

काउंटरबाई : तुझे डोळे सुजलेत.

विद्यार्थिनी : असतील.

काउंटरबाई : रडलीस?

विद्यार्थिनी : काल घरी गेल्यावर. मग सकाळीही. मी आले तेव्हा तुम्ही म्हणालात, आज अगदी टवटवीत दिसतेस.

डॉक्टर : (दार ढकलून आत येत) काय, झाली का तयारी? चला, पटकन उरका, बाहेर गर्दी वाढतेय. सोपा पेशंट दिलाय तुला. यांचे डोळे म्हणजे आरसा!

विद्यार्थिनी : हो, सर. मॅडम, तक्ता अक्षरांचा लावलाय. काच साधी आहे. शेवटची ओळ वाचा.

काउंटरबाई : नाही दिसत.

विद्यार्थिनी : मॅडम, अक्षरांचा तक्ता आहे. अक्षरांचा.

काउंटरबाई : कळलं गं. तरी नाही दिसत.

डॉक्टर : काच चुकली तुझी. काल गोंधळ, आज गोंधळ. राहू दे, तुझ्याच्याने काही...

काउंटरबाई : काच चुकली नाही, सर. तिला मघाची काच लावू द्या. हां, हीच. आता तक्ता आकड्यांचा लाव. मधली ओळ, पहिला आकडा तीन. त्याच्या पुढे सात, मग दोन. आणखी वाचू?

डॉक्टर : हे... किती आहे हे?

विद्यार्थिनी : प्लस दोन, सर. दोन्ही डोळ्यांना.

डॉक्टर : शक्यच नाही. दर वर्षी शून्य येतो.

काउंटरबाई : दर वर्षी मी पाठ म्हणून दाखवते. कालची चिठ्ठीसुद्धा मीच चुकीची वाचली. हिने सांगितलं तेवढंच केलं. तुम्ही हिला नाही नाही ते बोललात आणि मी ऐकत उभी राहिले. फार वाईट वाटतंय मला त्याचं.

डॉक्टर : बाहेर कुणाला माहीत आहे हे?

काउंटरबाई : तुम्हालाच आत्ता कळतंय, बाहेर कुठून कळणार?

डॉक्टर : हे बघ मुली, शिफारस मी देतो. चांगली देतो. फक्त ही गोष्ट या खोलीतच राहू दे.

विद्यार्थिनी : म्हणजे शिफारस नंबर बरोबर काढला म्हणून, की गप्प बसायचं म्हणून?

डॉक्टर : तुला हवी आहे ना?

विद्यार्थिनी : हवी आहे, सर.

डॉक्टर : मग झालं तर. लागला समज तुझा नंबर.

काउंटरबाई : दोघींचाही लागला म्हणायचा.

डॉक्टर : बाई, तुम्ही चष्मा करून घ्या. उत्तमातली फ्रेम निवडा, माझ्यातर्फे. पण तो घरी वापरा. काउंटरवर नको.

काउंटरबाई : घरी काय बघायचंय, सर?

डॉक्टर : अहो, निघालात कुठे? ती तपासणीची फ्रेम तरी काढा! बाहेर पेशंट बसलेत!

काउंटरबाई : बसलेत ना? मग जरा बघू द्या मला, कोण कोण आलंय ते.