विटेची मागची बाजू

भाजलेल्या नवऱ्याच्या वॉर्डाबाहेर ती बसली होती. शेजारच्या बाकावर कारखान्याच्या विटा तपासणाऱ्या प्रयोगशाळेतले साहेब आणि तंत्रज्ञ बाई हलक्या आवाजात बोलत होते.

“विटेची एक बाजू तापवून दुसरीकडे ऊब पोचायला किती वेळ लागतो, तेच मोजलंस ना?”

“हो सर. पण मागचा सेन्सर विटेला नीट टेकलाच नव्हता. ऊब उशिरा दिसली, म्हणून वीट उत्तम ठरली आणि भट्टीची भिंत पातळ बांधली गेली.”

“आता हे सांगून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणार? कारखाना म्हणतोय, कामगारच निष्काळजी. त्याला कामावरून काढताहेत.”

“भिंतीला बाहेरून हात लावला तरी भाजणार नाही, असं आपणच लिहून दिलं होतं, सर.”

ती उठली. “तो निष्काळजी कामगार म्हणजे आमचे हे. कारखान्यात येऊन एवढं सांगाल, ताई?”

बाईंनी साहेबांकडे पाहिलं नाही.

“चला.”