पाद्रीबाबांचे दिवे

उत्तरेकडच्या बर्फाळ इनारी गावातल्या पेट्रोलपंपावर पैसे द्यायच्या रांगेत माझ्यापुढे दोघं होती. नाकाला पट्टी लावलेले, हातात नवा ब्रश धरलेले पाद्री आउलिस, आणि त्यांची गाडी बर्फाच्या ढिगातून ट्रॅक्टरने ओढून काढणारी हिल्मा.

“पाद्रीबाबा, गाडीच्या दिव्यांवर एवढा बर्फ साचला, तुम्हाला कळलं नाही?”

“नवे एलईडी आहेत गं. जुन्या गाडीत बर्फ आपोआप वितळायचा.”

“ते दिवे तापायचे. हे थंडगार राहतात. मधूनमधून उतरून झाडावे लागतात.”

“मला वाटलं, देव वाट दाखवेल.”

“तो दाखवेल हो, पण काच कोण पुसणार?”

“चर्चमध्ये सगळे खोळंबले असतील ना?”

“सगळ्यांत पुढे आमचे काका. तासभर शवपेटीत पडून आहेत.”

“अरे देवा! काकू चिडल्या असतील.”

“छे! आत्ताच फोनवर म्हणाली, चाळीस वर्षं मी यांची वाट पाहिली, आज पहिल्यांदा हे कुणाची तरी बघतायत.”

दोघं बाहेर पडली. पाद्रीबाबा गाडीपुढे बर्फात गुडघे टेकून दिवे घासू लागले.

“बाबा,” हिल्मा ट्रॅक्टरवरून ओरडली, “एवढ्या भक्तीनं तर तुम्ही चर्चमध्येही गुडघे टेकत नाही!”