राखेनं घासलेल्या पट्ट्या

तिरोड्याच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर मायलेकी होत्या. लेकीनं डबी उघडली आणि ओरडलीच.

“माय, माझ्या प्रयोगाच्या स्टीलच्या पट्ट्या काऊन घासल्या तू?”

“काळ्याकुट्ट होत्या व चेतना. मले वाटलं, कॉलेजात करपवल्या.”

“तो काळा थर मँगनीज ऑक्साइडचा होता! त्याच्या बारीक छिद्रांतच वीज भरते. बॅटरीसारखं वीज साठवणारं, पण मिनिटात चार्ज होणारं सुपरकपॅसिटर बनवून राहिलो आम्ही.”

“विजेले काजळी लागते, हे मले कोण सांगन?”

“आता सरांले काय दाखवू? आधीच थर टिकत नाही, बोट लावलं की निघते, म्हणून ते चिडून राहिले.”

“तीनच पट्ट्या साफ निघाल्या. चौथीचं काळं निघालंच नाही.”

“काय?”

“राखेनं घासली, काथ्यानं घासली, हात दुखले. लाज वाटली म्हणून पिशवीत लपवली. हे पाहा.”

“माय! ही एकच पट्टी थर टिकावा म्हणून नव्या पद्धतीनं केली होती! थर जसाच्या तसा आहे व!”

“मग कायले रडून राहिली?”

“हसून राहिली! बाजार मागून कर, आधी कॉलेजात चाल. सरांसमोर अशीच घासून दाखव.”

“येतो. पण राख आहे का तुह्या सराकडे?”