एक डोळा फरशीत, एक बिदागीत

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. लांब गेलेल्या लेकानं आईसाठी पैसे धाडले, आईनं ते देवाला वाहिले — तर पुण्य कुणाला? आईला? लेकाला? मागून कोण म्हणालं, "देवस्थान कमिटीला"? खाली बसा, कमिटी पुढच्याच रांगेत आहे!

ऐका तर. आटपाडीकडं एका गावी मी सप्त्याला गेलो होतो. तिकडची बरीच माणसं गलाईच्या धंद्यात. म्हणजे काय? तर सोनाराकडची राख, केर, मोडीचा दागिना भट्टीत घालायचा आणि शुद्ध सोनं वेगळं काढायचं. कुणी मदुराईला, कुणी कोइमतूरला. सोनं दुसऱ्याचं, धूर आपला! पण त्या धुराच्या जिवावर गावात पक्की घरं उठली, देऊळ उठलं, आणि देवळात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लागली.

त्या गावात गजराबाई म्हणून एक म्हातारी. सगळे गजराक्का म्हणत. नवरा गेलेला, एकुलता लेक शिवदास कोइमतूरला भट्टीवर. अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शिवदासनं पैसे धाडले, म्हणाला, एका डोळ्याचं ऑपरेशन करून घे. अक्का हो म्हणाली. आणि नेमकी त्याच आठवड्यात देवळाच्या फरशीची वर्गणी निघाली! आता सगळ्यांच्या लेकांची नावं पाटीवर, आणि आपल्या शिवदासचं नाही? आईचं काळीज ते. डोळा गेला फरशीत.

शिवदासनं फोनवर विचारलं, दिसतंय का? ही म्हणाली, लख्ख, भिंतीवरची मुंगी दिसतीया. तिनं विचारलं, तू बरा आहेस ना? तो खोकत खोकत म्हणाला, झकास. लेक आईवर गेला होता, दुसरं काय! पुढल्या साली त्यानं दुसऱ्या डोळ्याचे पैसे धाडले. ते गेले सप्त्याच्या पंगतीत आणि कीर्तनकाराच्या बिदागीत. कीर्तनकार कोण म्हणता? हाच की, तुमच्यापुढं उभा आहे तो!

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सकाळी देवळात बसलो होतो. अक्का चाचपडत आली. देवाला कसाबसा नमस्कार केला आणि थेट पाटीपाशी. सगळ्यात खालच्या ओळीवरून बोटं फिरवली, कानशिलावर कडाकडा मोडली. म्हणाली, "माझा शिवदास. औक्षवंत हो, बाबा." वर्ष झालं म्हणे, एक दिवस चुकला नाही.

मी ती ओळ वाचली. मंडळी, नाव होतं प्रल्हाद दाजीबा! शिवदास एक ओळ वर. पाटी लागली तेव्हा तोच शेवटी होता. मागाहून खाली एक नाव कोरलं गेलं. अक्काला ना अक्षराची ओळख, ना डोळ्यांचा भरवसा. सांगावं की गिळावं? शेवटी सांगून टाकलं.

अक्कानं त्या ओळीवर पुन्हा बोट टेकलं. म्हणाली, "परल्हाद? त्या सगुणीचा? जिच्या दारात मी धा वरसं पाय ठिवला न्हाई?"

"तोच."

"तरीच मेल्याचं दुकान वाढलं!"

मी हसलो, तीही हसली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले आणि फरशीपासून बिदागीपर्यंत सगळं बाहेर आलं. माझं हसू जागच्या जागी विरलं. बिदागी मी आगाऊ घेतलेली, जुनी सवय! जन्मभर लोकांना सांगितलं, धन म्हणजे माती. पण ती माती त्या दिवशी खिशातून निघता निघेना! निघाली एकदाची. पंगतीतले लाडू काही परत यायचे नव्हते, तेवढं कमिटीनं भरून दिलं. अक्काला डोळ्याच्या ऑपरेशनला मिरजेला नेलं.

पट्टी सुटल्यावर शिवदासला फोन लावला, तोंड दिसणारा. अक्कानं फोन डोळ्यांपुढं धरला. केस पांढरे, गाल बसलेले, धुरानं डोळे लालभडक. तो विचारतोय, आये, दिसतंय का गं? अक्कानं फोन आणखी जवळ घेतला.

"दिसतंय रं," ती म्हणाली. "तू माझ्याआधी म्हातारा झालास. दगडावर बोट फिरवून मला हे कसं कळावं? पैसं ऱ्हाऊ दे, तू ये."

आला तो. अक्कानं हाताला धरून डॉक्टरकडं नेला, छातीचं औषध सुरू केलं, मगच परत जाऊ दिला. पोट कुणाला सुटलंय? पण आता दोघंही फोनवर खरं बोलतात.

मग पुण्य कुणाला? मला विचाराल तर त्या प्रल्हादला, वर्षभर फुकट आशीर्वाद! चेष्टा सोडा. तुमचाही कुणी लांब राबत असेल. तो पैसा ज्याच्या नावानं येतो, त्याच्याच डोळ्याला, दाताला, दुधाला लागू द्या. देवाला डोळे आहेत हो, अक्काला नव्हते.

आता आरतीचं ताट फिरेल. ज्याच्या खिशात कुणाच्या औषधाचे पैसे असतील, त्यानं ज्योतीवर नुसता हात धरावा आणि ताट पुढं द्यावं. देव रागावणार नाही. कमिटीचं मी बघतो. हं, उचला टाळ!