चौदाशे ग्रॅम

हं, आता मिटू नका तोंड — जबडा तसाच ठेवा. माप बिघडलं तर कवळी हलेल, आणि बाहेर जाऊन म्हणाल, कवळी करणारीला काम येत नाही. नाकानं श्वास घ्या. मापाचा लगदा घट्ट होईस्तोवर तीन मिनिटं बोलायचं नाही — तुम्हाला जड जाईल म्हणा, मोठ्या बाई! ओळखलंच नाहीत ना? कशाला ओळखाल, शाळेत हजार आया येऊन गेल्या. मी चौदाशे ग्रॅमची आई.

डोळे विस्फारू नका, मान हलते. तुमच्या फॉर्मवर जन्माच्या वजनाचा रकाना होता का हो? नव्हता. मीच दीडशहाणी — पहिल्याच दिवशी हळूच सांगितलं, बाई, पोर चौदाशे ग्रॅमची जन्मली, जरा सांभाळून घ्या. झालं! वाचताना अडखळली — चौदाशे ग्रॅम. बेरीज चुकली — चौदाशे ग्रॅम. तिसरीत दोनदा बसवलीत आणि वर मला ऐकवलंत, "हिला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." अहो, तिला फळा दिसत नव्हता! नुसता फळा! डोळे तपासायचं सुचलं कुणाला? वजन माहीत होतं ना, मग आणखी काय बघायचं! चष्मा लागला तेराव्या वर्षी — तोवर शाळा सुटून दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून वाट बघतेय — एक दिवस या बाईचं तोंड बंद असेल आणि मी बोलेन. सकाळी यादीत नाव दिसलं, डॉक्टरांना म्हटलं, यांचं माप मीच घेते. आणि लगदा केव्हाच घट्ट झालाय, बरं का. पाच मिनिटं होऊन गेली. बसा तशाच.

शाळेतून काही तुम्ही नाही काढलंत म्हणा. दप्तर माळ्यावर टाकलं ते मी. आणि तुम्ही ते एकदाच म्हणालात, मी — मी रोज म्हणायचे. दूध उतू गेलं, पालथा घडा. पाहुण्यांसमोरसुद्धा. आता तिला मुलगी आहे, सोळाशे ग्रॅमची जन्मलेली. पहिलीत गेली म्हणे यंदा. मी अजून पाहिली नाही. लेक म्हणते, "आई, तुझं बोलणं तिच्या कानावर पडायला नको."

चला, काढते. चूळ भरा. काय? काय म्हणालात — नाही, नाही! माफी नका मागू तुम्ही. तुम्ही मागितलीत की मग मी एकटीच उरते. उठा. गुरुवारी या — आणि पुढचं माप दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगा.