प्रेस थांबला आणि सोनू उठला

बरोबर तीन वाजून दहा मिनिटांनी कुपवाडची लाईट गेली. आमच्या भिंतीपलीकडच्या कारखान्यातला पत्रा ठोकायचा प्रेस थांबला आणि सहा महिन्यांचा सोनू ओरडतच उठला. दूध घेईना, खांद्यावर राहीना. रडून रडून त्याचा आवाज बसला, तशी मी पार घाबरले. सासूबाईंनी दृष्ट काढली, तरी काही फरक नाही.

सोनूचे पप्पा त्याच प्रेसवर कामाला. लाईट नाही म्हणून तेही घरी आले.

"आवं, रिक्षा बघा, दवाखान्यात न्यायचं ह्याला!"

त्यांनी कपाळाला हात लावून बघितला. "ताप न्हाई. जन्मल्यापासनं प्रेसच्या आवाजावर झोपतंय ते. त्या फ्रान्सच्या पाहुण्याची कॅसेट कुठं हाय?"

हा पाहुणा गेल्या वर्षी कारखान्याच्या शेटजींकडं आलेला. पॅरिसात तो हिपहॉपची गाणी तयार करायचा, पण एकही चालत नव्हतं. आमच्या प्रेसचा ठेका त्याने टेप करून नेला, त्यावर तिथल्या पोरांना भराभर बोलायला लावलं आणि ते गाणं तिकडं लय गाजलं. म्हणून त्याने यांना कॅसेट पाठवली होती.

टेपात सेल घातले. धाड-धप, धाड-धप सुरू झालं, वर कुणीतरी भांडल्यासारखं फ्रेंच बोलत होतं. सोनूनं एक हुंदका दिला आणि डोळे मिटले. माझा जीव भांड्यात पडला.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "आगं, बंद करू नगं. दुसरी बाजू पण लाव."

तर कुणी पॅरिसला जाणारं भेटलं, तर त्या पाहुण्याला एवढं सांगा: तुमच्या गाण्यावर तिकडं लोक नाचत असतील, आमचं पोर झोपतंय.