पान एकशे बाराचा मेंबर

राजकारणातल्या कटावर कादंबरी लिहू नका रे बाबांनो, अन् लिहिलीच तर गावात वाटू नका. मी शाळामास्तर. हौसेनं लिहिली, मेहकरात छापली अन् गावात चार जणाईले फुकट देऊन बसलो.

गोष्ट सारी माह्या मनातली. सरपंचबाईवर अविश्वास ठराव येते. मतदानाआधी आपले मेंबर कोणी फोडू नये म्हणून बाईचे लोक त्याईले देवदर्शनाच्या नावानं गाडीत घालून दूर नेतात अन् साऱ्याईचे मोबाईल जमा करतात. पण एक जण दुसरा मोबाईल लपवून ठेवते अन् फुटते.

आठ दिवसांनी आमच्या गावच्या सरपंचबाईचे मालक पुस्तक घेऊन घरी हजर. खुर्ची दिली तरी बसेनात.

"सर, पान एकशे बारा. हा फुटलेला मेंबर कोण?"

"भाऊ, काल्पनिक आहे ते."

"ते समजलं. आमची गाडी उद्या निघून राह्यली. नाव सांगा."

"अहो, त्याले नावच नाही दिलं मी!"

"काऊन नाही दिलं? बाकी सारं तं बरोबर लिहिलं!"

चहा न घेताच गेले. मी नुसता घरात येरझारा घालत होतो. तेवढ्यात त्याईच्याच पॅनलचा एक मेंबर मागच्या दारानं आत आला. घामानं निथळत होता.

"सर, भाऊ येऊन गेले म्हणे," तो हळूच म्हणाला. "माहं नाव तं नाही न सांगितलं?"